भोकाभोकांची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी प्लॅस्टिकची टोपली आहे. अंगभर भोकं. कारखान्यात साच्यातून पडले तीच अशी. सोबतच्या बादल्या पाणी धरायच्या म्हणून तोऱ्यात असायच्या. मला मात्र प्रत्येक गिऱ्हाईक उजेडात धरून आरपार बघायचं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका घरातल्या थोरल्या जावेने मला विकत घेतलं आणि थेट गच्चीवर नेलं. तिचं डाळिंबाचं बोन्साय मरायला टेकलं होतं. निळ्या चकचकीत कुंडीत त्याची मुळं एकमेकांभोवती गोल फिरून गळफास बसल्यासारखी झाली होती. तिने ती सोडवली, कुजकी कापली आणि विटांचा चुरा घालून झाड माझ्यात बसवलं.

धाकटी जाऊ कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "ताई, एवढी देखणी कुंडी सोडून झाड चाळणीत? लोक काय म्हणतील?"

"लोकांना मुळं नसतात गं. याला आहेत, त्यांना हवा लागू दे. हे गेलं तर मी पुन्हा झाड लावायची नाही."

माझ्यातलं मूळ वाढत भोकापर्यंत यायचं. बाहेरचा वारा लागला की टोक सुकायचं आणि मागून बारीक बारीक नवी मुळं फुटायची. काम माझ्या भोकांचंच होतं, हे मला कळायचं. पण कुणी गच्चीवर आलं की वाटायचं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावी.

पुढे थोरली लेकीच्या बाळंतपणाला गेली. इकडे धाकटीचे माहेरचे पाहुणे येणार होते. तिने झाड खाली बैठकीत आणलं. पुसलेल्या फरशीवर माझ्यातून पाणी ठिबकलं. तिने कपाळाला हात लावला, मला प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळलं, चिकटपट्टी लावली आणि त्या निळ्या कुंडीत बसवलं.

मी हरखले. जन्मात पहिल्यांदा अंगभर वस्त्र मिळालं होतं. धाकटीची भावजय म्हणाली, "वन्सं, काय शोभा आहे हो." मी आत ताठ बसले.

पाहुणे गेले, वस्त्र तसंच राहिलं. धाकटी रोज न चुकता पाणी घालायची. ते जाणार कुठून? मुळं काळी पडू लागली. पानं पिवळी झाली, तशी ती बिचारी आणखी पाणी ओतू लागली. मला सगळं कळत होतं. पण मला तोंड कुठलं? होती ती भोकं, तीही बुजलेली.

थोरली परतली आणि उंबऱ्यातच तिने नाक वर केलं. कागद फाडला. काळं पाणी आणि कुबट वास खोलीभर पसरला.

"ताई, चांगलं दिसावं म्हणून केलं मी," धाकटी मान खाली घालून म्हणाली.

"दिसलं की. आता कात्री आण, आणि रडायचं असेल तर लांब जाऊन रड. याला पाणी नको झालंय."

"जगेल का?"

"मला नको विचारू. त्याला विचार. उत्तर देईपर्यंत धीर धर."

काळी मुळं कापून तिने मला पुन्हा गच्चीवर ठेवलं. एक फांदी गेली ती गेलीच. बाकीच्या झाडाने बऱ्याच दिवसांनी एक लाल कोंब दाखवला. तो आधी धाकटीने पाहिला आणि ती थोरलीला हाताला धरून वर घेऊन आली.

झाड भरलं, तेव्हा त्याला पसरट कुंडीत हलवायचं ठरलं. पण मुळं माझ्या भोकाभोकांत शिरून बसलेली.

"ओढलंस तर मुळं तुटतील. टोपलीच काप," थोरली म्हणाली.

धाकटीने मला हलक्या हाताने कापलं. तळाचा एक तुकडा मुळं काही केल्या सोडेनात. "राहू दे," ती म्हणाली. तोच तुकडा मी. वर माती आहे, मला कुणी बघत नाही. तरी त्या मेलेल्या फांदीचा खुंट आठवला की शरमेने बसल्या जागी आणखी खाली जावंसं वाटतं.

मित्रांनो, झाड सजवायचं असेल तर खुशाल सजवा. फक्त आधी खाली वाकून बघा, त्याचं पाणी जातंय ना, त्याला वारा लागतोय ना. टोपलीला लाज वाटली तर वाटू दे.