सलाउद्दीनचे लाडू

कळवणहून नाशकाला जाणारी मोटार चढाला लागली की अशी धापा टाकायची, की वाटेतले बैल थांबून तिची कीव करायचे. ती हाकायचा सलाउद्दीन. कळवणच्या म्हाताऱ्या कुसाबाई लेकीकडे निघाल्या की तो मोटार थेट त्यांच्या दाराशी आणायचा, कारण त्यांचे गुडघे दुखायचे. या माणसाचं तोंड गोड केल्याशिवाय कुसाबाईंना चैन पडेना.

त्या थंडीत त्यांनी डिंकाचे लाडू वळले. तुपाचा वास असा, की पार दिंडोरीची मांजरं दाराशी येऊन बसली. मोटारीत चढताच त्यांनी लाडवांचा डबा पुढे केला.

"घे भाऊ. माझ्यासमोर खा."

सलाउद्दीननं डबा कपाळाला लावला आणि शेजारी ठेवून दिला. कुसाबाईंचं तोंड उतरलं. अर्धी वाट सरली. मग म्हणाल्या, "माझ्या हातचं चालत नाय का रे तुला?"

"मावशी, रोजा हाय माझा. सकाळपासून पाणीबी नाय प्यालो."

"आन् मी मेली तुझ्या नाकाखाली तूप फिरवत बसले. आधी सांगायचं नाय?"

नाशकाला लेक न्यायला आली होती, पण कुसाबाई मोटारीतून हलेनात. दिवस मावळला, मशिदीतून बांग आली. सलाउद्दीननं खजूर खाल्ला, वर पाणी पिऊन डबा उघडला. कुसाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"गूळ जरा कमी पडला, मावशी," म्हणत त्यानं दुसरा लाडू उचलला.

"मग दुसरा कशाला खातोस?"

"खात्री करायला नको?"

तेव्हा कुठे कुसाबाई लेकीचा हात धरून खाली उतरल्या.