पांघरूण मी नाही घालणार

मी इंजेक्शनची शिशी बोलतेय. अंगठ्याएवढी, पोटात अँटिबायोटिकची थोडी पांढरी भुकटी, डोक्यावर पत्र्याची टोपी. चाकू लागण्याआधी रक्तात पोचून जंतूंची वाट अडवायची, हे माझं काम. ते मी चोख करते. पण माणसं मला देवच करून टाकतात, त्याचा मला राग येतो.

देवरीच्या एका दवाखान्यात मी ट्रेमध्ये तयार होते. गोवर्धनचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. दोन वर्षं तो लंगोट कसून धानाची पोती उचलत होता. आता जांघेत जाळी बसवायची होती. तिथे पू झाला तर जाळीच काढावी लागण्याची भीती असते.

डॉक्टर दीप्तींनी कपडा सारला आणि त्यांचा हात थांबला. जांघेभर ओरखडे आणि लाल पुळ्या.

"हे काय?"

"नर्सबाईपुढं लाज वाटे, म्याडम. परवा घरीच वस्तरा फिरवला मी," गोवर्धन भिंतीकडे बघत म्हणाला.

"गरज असती तर आम्ही मशीननं केस कापले असते. या ओरखड्यांत जंतू वाढतात. आज ऑपरेशन नाही."

त्याची बायको गीताबाई उसळली. "काऊन नाही? सुई आहे ना तुमच्यापाशी? एकाच्या जागी दोन द्या! रोवणा तोंडावर आला, कोण करन?"

माझं डोकंच फिरलं. वस्तरा यांनी फिरवायचा आणि पांघरूण मी घालायचं? नाही घालणार! डॉक्टरही हलल्या नाहीत. त्या क्षणी त्या मला फार आवडल्या.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, गोवर्धनच्या भावानं, उमेंद्रनं, निभावला. तीन आठवड्यांनी गोवर्धन साबणानं आंघोळ करून आला, कातडी स्वच्छ. ऑपरेशनच्या अर्धा तास आधी माझी टोपी उडाली आणि पोटातली भुकटी पाण्यात विरघळून त्याच्या शिरेत गेली.

"आता पाच दिवस सुया द्या," ऑपरेशन उरकताच गीताबाईनं पुन्हा सुरू केलं.

"याला एकच पुरते," डॉक्टर म्हणाल्या.

आता मी काचेच्या कचऱ्याच्या निळ्या डब्यात रिकामी पडलेय. आज आठव्या दिवशी पट्टी निघाली. जखम कोरडी होती.

"एकाच सुईनं?" गीताबाईला खरं वाटेना.

हो, एकाच! आणि ऐकून ठेवा. मला अशीच उठसूट टोचून घेत राहिलात, तर जंतू मला जुमानणार नाहीत. मग तुमच्या नातवाला खरी गरज पडेल तेव्हा माझ्या बहिणी भरलेल्या असतील, पण उपयोगाच्या नसतील. त्या दिवशी आमच्याकडे बोट दाखवायला येऊ नका.