उजवीकडचा आवाज

तौहीदनं मामूच्या कानाची पाळी हलकेच मागे ओढली, इअरफोनचं रबरी टोक आत सरकवलं आणि वायर त्यांच्या छातीवर सोडून दिली.

"तोंड उघडा, मामू. आता मिटा. बसलं?"

"बसलं न बापा. कानात बोट घातल्यावानी वाटते."

"तसंच पायजे. बाहेरचा आवाज बंद झाला पायजे."

"तू काय म्हणून राहिला, मले काहीच ऐकू नाही येऊन राहिलं," अय्युब मोठ्यानं म्हणाले. म्हणजे बसलं होतं.

घरी दोघं आपसांत उर्दू बोलत. अकोल्याच्या जठारपेठेतल्या या दुकानाची पायरी चढली की वऱ्हाडीवर येत. गिऱ्हाइकांनी लावलेली सवय, दुसरं काय. दुकान तौहीदचं होतं. लग्नाला, जयंतीला, उरुसाला स्पीकर आणि मिक्सर भाड्यानं द्यायचा आणि सोबत स्वतः जायचं, हा त्याचा धंदा. मामू अय्युब कव्वाल, आणि मामूची पार्टी जिथं जाईल तिथं मिक्सरवर तौहीद. इतर कामांचं काहीही होवो, यात खाडा नाही.

अमरावतीच्या कार्यक्रमात या खेपेला मंचावर स्पीकर नकोत, असं आयोजकांचं म्हणणं होतं. चित्रीकरण व्हायचं होतं आणि मधेच स्पीकरची शिट्टी वाजलेली त्यांना चालणार नव्हती. म्हणजे गाणाऱ्यानं स्वतःचा आवाज कानात ऐकायचा. मिक्सरवर तौहीदच बसणार होता, तिथली बाकी ध्वनियंत्रणा ओमप्रकाश नावाच्या माणसाकडे होती. त्यानं अकोल्याला इअरफोनचे दोन जोड पाठवले होते: ऐकून बघा, कव्वालसाहेबांच्या कानाला कोणता मानवतो ते कळवा, दुसरा परत करा. दोन्ही इतके महाग की डबी उघडण्याआधी तौहीदनं हात धुतले होते.

कार्यक्रम मोठा होता आणि मोठे कार्यक्रम आता उरले नव्हते. त्या साली बोंडअळीनं कापसाचं वाटोळं केलं होतं. त्याआधीची सालंही काही धड गेली नव्हती. गावोगावच्या उरुसांनी कव्वाली बंद करून नुसत्या जेवणाच्या लंगरवर भागवायला सुरुवात केली होती. घरात चणचण आली की पहिली कात्री गाण्यावर चालते, आणि त्यात कोणाला बोल लावता येत नाही. पार्टीतली माणसं एकेक करून गळाली. टाळ्या देणारा एक जण नागपूरला चौकीदार झाला. उरले ते अय्युब, ढोलकवाले शालिकराम, बेंजोवाला आणि मागे बसून साथ गाणारा हसनैन.

आता जी गोष्ट अख्ख्या पार्टीला ठाऊक होती आणि पार्टीच्या मालकाला नव्हती, ती अशी. अय्युबचा आवाज वरच्या जागेवर पोचत नव्हता. खालचं सगळं अजून दमदार, शब्द असे की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्याही डोळ्यांत पाणी यावं. पण अंतऱ्यात हात वर गेला की आवाज मधेच बसायचा, फाटायचा. तेवढ्यात मागून हसनैन ती जागा उचलून घेई. तसा कव्वालीचा रिवाजच आहे. पुढच्याचा दम सरला की मागच्यानं बोल झेलायचा. फरक एवढाच की पुढच्याला आपला दम सरल्याचं कळतच नव्हतं. कारण त्याच क्षणी तौहीदचं एक बोट मामूचा आवाज खाली घेई आणि दुसरं हसनैनचा वर नेई. पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून जी वरची तान येई, ती अय्युब आपलीच समजत.

हसनैन हिवरखेडचा. घरचा भाजीपाल्याचा मळा, आणि मिसरूड फुटल्यापासून अय्युबचा शागिर्द. कानामागून येऊन तिखट होणारे पुष्कळ असतात. हसनैन त्यातला नव्हता. अमरावतीच्या एका पार्टीनं त्याला समोर, मुख्य गाणाऱ्याच्या जागी बसायला बोलावलं होतं, तरी तो गेला नाही. का नाही गेला, हे त्याला कोणी विचारलं नाही.

तौहीदनं बाळापूरकडच्या उरुसातलं रेकॉर्डिंग लावलं. पार्टीचा तो सगळ्यात अलीकडचा कार्यक्रम. मामूंनी डोळे मिटले. हा पहिला जोड फार गोड होता. वरणात तूप मिसळावं तसे सगळे आवाज एकमेकांत मिसळायचे आणि ढोलक थेट पोटात वाजायचा. अंतरा आला, वरची तान निघाली, आणि अय्युबचा हात आपोआप मांडीवरून उठला.

"अरे, साठी गाठली तरी गळा साथ देते," गाणं संपल्यावर ते म्हणाले. "अल्लाची मेहेरबानी. हाच घे."

"दुसरा तं ऐका. तो याच्याहून भारी हाय."

दुसरा जोड आकारानं मोठा. कानाची अख्खी वाटी भरून टाकणारा, वायर कानावरून मागे जाणारी. तौहीदनं तो आदल्या दिवशी दुपारभर ऐकला होता आणि वेडा झाला होता. त्यात प्रत्येक आवाजाला आपापली जागा होती. शालिकराम डावीकडे, पेटी त्याच्या अलीकडे, मामू बरोबर मधे, हसनैन उजवीकडे. मामूची अंगठी पेटीच्या लाकडावर आपटते तेही त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. आणि अंतऱ्यात मामूचा आवाज बोटानं खाली ओढला जातो, तेही. ते ऐकल्यावर त्यानं इअरफोन काढून ठेवले होते आणि चहा प्यायला बाहेर गेला होता.

अय्युबनी दुसरा जोड लावून मतला, म्हणजे सुरुवातीचा शेर, अर्धाही ऐकला नाही.

"ह्यात काही दम नाही रे. ढोलकच गायब! आन् तुहा पंखा ऐकू येऊन राहिला, रस्त्यावरची गाडी ऐकू येऊन राहिली. ओमप्रकाशले सांग, भारीचं नाव मोठं, लक्षण खोटं. पह्यलाच ठेव."

तौहीदनं त्यांच्या उजव्या कानाकडे पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं. कानाच्या वरच्या घडीत अत्तराचा फाया होता. थंडीत हिना, उन्हाळ्यात खस; फाया खोचल्याशिवाय मामू घराबाहेर पडत नसत. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू म्हणून ती दिसलीच नव्हती. पहिला जोड बारका, तो फायाच्या खालून आत गेला. हा मोठा जोड कापसावर टेकून तिरपा राहिला होता, फट पडली होती. फट पडली की भारीतला भारी जोडही पत्र्याचा डबा वाजावा तसा वाजतो.

सांगितलं नाही तर काय बिघडणार होतं? मामू पहिला जोड लावून अमरावतीला गातील, सगळं गोड ऐकतील, वाहवा घेतील, घरी येतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. तौहीदला हे अगदी स्वच्छ दिसत होतं. पण आयुष्यात ऐकलेल्या सगळ्यात चांगल्या वस्तूवर एका कापसाच्या बोळ्यापायी बट्टा लागत होता, हे त्याला सोसवेना. शिवाय, खरं सांगायचं तर, तो त्या बोटाला कंटाळला होता. मामूची त्याला कधी लाज वाटली नव्हती. बोटाची वाटत होती.

"मामू, फाया काढा."

"कावून?"

"फाया हाय म्हणून तो बसून नाही राहिला. काढा अन् मंग ऐका."

अय्युबनी कुरकुरत फाया काढला, हुंगला आणि टोपीच्या घडीत ठेवला. तौहीदनं जोड पुन्हा लावला, थोडा फिरवून आत दाबला. मामूंच्या भुवया वर गेल्या. बाहेरचा रस्ता, पंखा, सगळं त्यांच्यापुरतं मिटलं होतं.

गाणं सुरू झालं. "अरे वा," ते म्हणाले. मतल्यावर मान डोलली, बोटांनी मांडीवर ठेका धरला. अंतरा आला. त्यांचा हात उठायला लागला आणि अर्ध्यातच थांबला.

"मागं घे."

तौहीदनं मागे घेतलं.

"अजून एक डाव."

या वेळी अय्युबनी उजव्या कानातला काढून हातात धरला आणि नुसत्या डाव्यानं ऐकलं. मग उजवा लावून डावा काढला. मग दोन्ही लावले. तौहीद काचेबाहेर पाहत राहिला. समोरच्या दुकानात एक बाई चादरी उलगडून उलगडून पाहत होती आणि तिला एकही पसंत पडत नव्हती.

"हा उजवीकडं कोण हाय?" अय्युबनी विचारलं. इअरफोन कानातून निघाले होते.

"हसनैनभाई."

"वरची तान घेते तो?"

"हो."

"आन् मी कुठं हाय?"

"तुमी मधात."

"मधात तं कोणीच नाही."

तौहीदला वाटलं, आपण मुकाट बसावं. मामूचा स्वभाव तसा तापट. दोन थपडा बसल्या असत्या तर बरंच झालं असतं. पण मामू नुसते त्याच्याकडे बघत होते, आणि तसं बघणं त्याला थपडेहून जड गेलं.

"मी खाली घेतो," तो म्हणाला. "ती जागा आली का तुमचा आवाज खाली अन् त्याचा वर."

"कवापासून?"

"दोनेक वर्सं झाले असन."

"त्यानं सांगतलं तुले, असं कर म्हणून?"

"नाही. तो कधीच बोलला नाही. मीबी त्याले बोललो नाही. तो गाते, मी बोट सरकवतो."

"शालिकराम?"

"त्याईले समजतच असन. पण कोणी बोलत नाही, मामू. कोणीच नाही."

अय्युबनी वायर बोटांवर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. त्यांना फार वाईट वाटलं होतं; ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. डोळे पुसले, नाक शिंकरलं. दोन वर्षं जी दाद मान झुकवून घेतली, ती आता एकेक करून आठवत असणार.

"अमरावतीवाल्याईनं बलावलं होतं म्हणे त्याले," ते म्हणाले. "गेला कावून नाही तो?"

"तुमी इचारा न त्याले."

"म्या इचारलं तं त्याले समजन का मले समजलं. मंग तो माह्या मागं बसन? शरमेनं मरून जाईन तो. त्या जागेवर तोंडच नाही उघडणार."

तौहीदला हे सुचलं नव्हतं. आपण खरं काय ते सांगून मोकळे झालो, एवढंच तो धरून बसला होता.

"मंग काय करता?"

"तुमी कोणी बोलले नाही न? मंग मीबी नाही बोलत."

तेवढ्यात काचेचं दार ढकलून हसनैन आत आला. हिवरखेडहून यायला त्याला नेहमीप्रमाणे उशीर झाला होता. वांग्यांची पिशवी त्यानं दाराशी ठेवली, उस्तादांना सलाम केला आणि स्टुलाच्या कडेवर बसला. उस्तादांसमोर तो कधी अख्ख्या स्टुलावर बसत नसे.

"झालं ऐकून, उस्ताद? कोणता बरा वाटला?"

"मले पह्यला," अय्युब म्हणाले. "हा दुसरा तुले. कान इकडं कर."

"मले कायले एवढा भारी? मी तं मागं असतो."

"मागच्यालेच समदं ऐकू आलं पायजे. कर इकडं."

त्यांनी स्वतःच्या हातांनी हसनैनच्या कानात जोड बसवला. आधी कानात फाया आहे का ते बघितलं, नव्हता. वायर कानावरून फिरवली, तौहीदनं केलं होतं तसंच थोडं फिरवून दाबलं. मग तौहीदकडे वळले.

"ओमप्रकाशले सांग, दोन्ही ठेवतो. आन् अमरावतीले बाळापूरवानीच कर. जराबी बदलू नोको."

"बाळापूरले काय केलं होतं?" हसनैननं एका कानातला काढून विचारलं.

"काही नाही. आवाज चांगला ठेवला होता यानं."

"आवाज तं तुमचा लागला होता त्या दिवशी, उस्ताद," हसनैन म्हणाला. ती तान त्याची स्वतःची होती, पण त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. "ती वरची जागा तं अशी लागली होती का मी मागं बसून तोंडात बोट घातलं."

तौहीदनं मान खाली घातली आणि रिकामी डबी बंद करायला घेतली. ती आधीच बंद होती.

अय्युबनी शागिर्दाकडे पाहिलं. उजवा हात छातीशी नेला आणि मंचावर घेतात तशी, मान थोडी झुकवून, त्यांनी ती दाद घेतली.