बोटभर सरकलेली खुंटी

मित्रांनो, फळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे खडू येतो. मला खडू कधी लागलाच नाही. मी तारांचा फळा. आता जुना झालो आहे, कडा फुगल्या आहेत. पण माझी हकीकत सांगायला बसलो की अजूनही डोकं तापतं.

मोरोक्कोत, तंजा शहराबाहेरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. सुताराने प्लायवुड कापलं, त्यावर आराखड्याचा मोठा कागद चिकटवला आणि कागदावरच्या रेघांवर एकशे बारा खुंट्या बसवल्या. मोटारीचे दिवे लागतात, काचा खाली-वर होतात, भोंगा वाजतो, ते सगळं तारांच्या एका मोठ्या जुडग्यावर चालतं. ते जुडगं माझ्या अंगावर बांधलं जायचं. माझ्यासकट वीस फळे एका फिरत्या रांगेत सरकत असायचे. प्रत्येक ठिकाणी एक बाई उभी असायची. ती आपल्या तारा खुंट्यांमधून ओढायची, वर काळी पट्टी गुंडाळायची, की मी पुढच्या बाईकडे.

तारेतलं तांबं एका देशातलं, वरचं प्लास्टिक दुसऱ्या देशातलं. आराखडा जर्मनीतून आलेला. मोटार बनायची समुद्रापलीकडे स्पेनमध्ये. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, मी तर चार घरचा! काही चांगलं झालं की चौघेही पुढे. चूक झाली की बोट मात्र एकाच दिशेला, आमच्याकडे.

आणि चूक झालीच. स्पेनमधून तक्रार आली की मोटारीच्या मागच्या डाव्या दाराची काच मध्येच अडकते. तारेचं आवरण सोललं जातं. कारण काय लिहिलं होतं, ठाऊक आहे? ‘हाताळणीतला निष्काळजीपणा.’

रांगेचे मुकादम होते सी द्रिस. भला माणूस, पण कागदाला घाबरणारा. त्या दाराच्या तारा माझ्यावर जिथे वळायच्या, तिथे पट्टी गुंडाळायचं काम हादाकडे होतं. दोन लेकरांची आई, अकरा वर्षांची कामगार. त्यांनी तिला घरी बसवलं.

हादाच्या शेजारी झुहूर उभी राहायची. लाराश गावची, जिभेला धार असलेली. ती थेट सी द्रिसांपुढे गेली.

“सी द्रिस, हादाचे हात नाही चुकत. पंचेचाळीस नंबरची खुंटी चुकलीय. तिथे जुडगं मोडून वळवावं लागतं, तार सोलणारच ना!”

“खुंटी आराखड्याप्रमाणे आहे.”

“मग आराखडा चुकलाय.”

“अगं बाई, हळू बोल! आराखडा तिकडून आलाय.”

“तिकडून आला म्हणजे काय आकाशातून पडला?”

सी द्रिस तिथून निघून गेले. मी माझ्या अंगावरची खुंटी रोज सोसत होतो, मला विचारा ना! पण फळ्याला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत झुहूर पाना घेऊन आली. तिने पंचेचाळीस नंबरची खुंटी सैल केली, बोटभर सरकवली आणि पुन्हा घट्ट आवळली. त्या दिवसापासून जुडगं माझ्यावर कसं सुखाने वळू लागलं! मग तिने उरलेल्या एकोणीस फळ्यांवरही तेच केलं.

चार महिने एकही तक्रार नाही. कारखान्याला प्रशस्तिपत्र मिळालं. ते हातात धरलेल्या सी द्रिसांचा फोटो दारावर लागला. हादा मात्र घरीच.

मग जर्मनीहून तपासणीला हाइनर नावाचे इंजिनिअर आले. त्यांनी आराखडा माझ्याशी ताडून पाहिला आणि ओरडले, “ही खुंटी कुणी हलवली?”

“मी,” झुहूर म्हणाली. “चार महिने तक्रार आली का? ते आधी सांगा.”

हाइनर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आकडे पाहिले, वळण बोटाने चाचपलं, मान डोलावली. “तुमचं बरोबर आहे. पण बदलाला सात सह्या लागतात. आमच्या, मोटार कंपनीच्या... पाच-सहा महिने तरी जातील. तोवर खुंटी जुन्या जागी.”

“म्हणजे चूक आहे हे माहीत असून चूकच करायची?”

“आराखड्याप्रमाणे करायचं.”

कपाळावर हात मारून घ्यावा म्हटलं, तर मला ना कपाळ, ना हात! खुंटी जुन्या जागी गेली. आठवड्याच्या आत तारा पुन्हा सोलल्या जाऊ लागल्या. हादाच्या जागी आता झुहूर होती, म्हणून या वेळी निष्काळजीपणाचा ठपका तिच्यावर.

रांगेच्या बाजूने एक लाल दोरी होती. ओढली की सगळे फळे जागच्या जागी थांबत. ती ओढायची हिंमत कुणी करत नसे, कारण पलीकडचा कारखाना तारांचा साठा ठेवत नाही. सकाळी इथे बांधलेलं जुडगं बोटीने समुद्र ओलांडून दुसऱ्या दिवशी मोटारीत बसतं. इथली रांग थांबली की तिथलीही थांबायची वेळ येते.

झुहूरने दोरी ओढली.

“वेडी झालीस का?” सी द्रिस धावत आले. “अख्खं काम दुसऱ्या देशात जाईल! आपण स्वस्त आहोत म्हणून ते इथे येतात.”

“उद्या आणखी स्वस्त कोणीतरी भेटेलच, सी द्रिस. तेव्हा काय सांगाल? आमच्या बायका गप्प बसतात, एवढंच?”

बाकीच्या बायकांनी हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या. जर्मनीहून फोन, स्पेनहून फोन. बंदरावर ट्रक खोळंबले. आणि मित्रांनो, ज्या सात सह्यांना पाच-सहा महिने लागणार होते, त्या संध्याकाळच्या आत झाल्या! याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप.

झुहूर तेवढ्यावर दोरी सोडेना. “हादा उद्या कामावर येईल, असं लिहून द्या.” सी द्रिसांनी या वेळी कुणाला न विचारता लिहून दिलं.

नवा आराखडा आला. खुंटी बरोबर झुहूरने ठेवली होती तिथेच. कोपऱ्यात ‘सुधारणा करणारा’ म्हणून तिकडच्या कचेरीतल्या कुणाचं तरी नाव.

“माझं नाव कुठाय?”

“आराखड्यावर नावाला जागा थोडी असते, झुहूर,” सी द्रिस म्हणाले.

“त्यांच्या नावाला बरी मिळाली!”

दोन वर्षांनी ती मोटार बंद झाली. तिच्या जागी आलेल्या मोटारीच्या तारांचं काम खरोखरच दुसऱ्या देशात गेलं, तिथली मजुरी कमी म्हणून. अर्ध्या बायका घरी बसल्या. हादाचंही काम गेलं, या वेळी कुणाचीही चूक नसताना. मला मागच्या अंगणात टाकलं. पावसाने माझ्या कडा फुगवल्या, खुंट्यांना गंज चढला, एक मांजर माझ्या आडोशाला व्याली.

पण ‘तेव्हा काय सांगाल?’ हा झुहूरचा प्रश्न सी द्रिसांना झोपू देईना. मालकांच्या मागे लागून त्यांनी कारखान्यात आराखडे तपासण्याची एक खोली उघडली. आता बाहेरून आलेला प्रत्येक आराखडा आधी तिथे बांधून पाहिला जातो, चुका दाखवल्या जातात, आणि दाखवणाऱ्याचं नाव कागदावर चढतं. खोली झुहूरच्या ताब्यात आहे. कामावर घेतलेली पहिली बाई हादा. या तपासणीसाठीच एका नव्या मोटार कंपनीने त्यांना काम दिलं. मोठं नाही, पण आहे. नव्या मुलींना शिकवायला झुहूरने मलाही अंगणातून उचलून आत आणलं.

मित्रांनो, तुमच्या वापरातली एकेक वस्तू किती देशांतून, किती हातांतून आलेली असते! तिला जपा. माझ्यासारखा एखादा जुना फळा दिसला तर त्याची धूळ जरूर पुसा. पण ज्या बाईने त्याच्यावर आयुष्य घातलं, तिलाही एकदा पुसा, “बाई, यात काय चुकलंय?” धूळ पुसायला फडकं लागतं. हे पुसायला नुसतं तोंड पुरतं, आणि तरी लोक फडकंच शोधत बसतात!