तोरलाइव्हची अठरा कलमं

दर मंगळवारी दहाची बोट धुक्यातून धक्क्याला लागायची आणि मी नवा कागद पुढे ओढायचे. तोरलाइव्ह आला असणार. वय चौऱ्याऐंशी, टोपी हातात आणि डोक्यात करारासाठी नवं कलम.

काम साधं होतं. शेत मुलीच्या, योरुनच्या नावावर करायचं आणि म्हाताऱ्याने अंगणापलीकडच्या धाकट्या घरात राहायला जायचं. आमच्या फ्योर्डकाठी, या डोंगरांत शिरलेल्या खाडीवर, पिढ्यान्‌पिढ्या असंच चालतं. देणारा आपल्यापुरते हक्क करारात लिहून घेतो. इतरांचं चार कलमांत भागतं. याची अठरा झाली होती. रोज लिटरभर दूध. सरपणाला बर्चचं लाकूड, तेही दोन वर्षं वाळलेलं. थोरल्या घरात, पश्चिमेच्या खोलीतल्या घड्याळाला किल्ली देण्याचा हक्क.

मी एकटीच वकील, मीच कारकून, कॉफीही मीच करायची. असलं एक अशील सगळा आठवडा खातं. भांडू नये, लिहून घ्यावं, एवढं मी या धंद्यात शिकले होते. म्हणून लिहीत गेले आणि भलतंच होऊन बसलं. टाइप करता करता मी त्या थोरल्या घरात हिंडू लागले. कधी न पाहिलेल्या जिन्याची तिसरी पायरी माझ्या पायाखाली करकरायची. फोन वाजला की वाटायचं, त्या पश्चिमेच्या खोलीतच वाजतोय. स्वयंपाकघरापाशी मात्र दरवेळी पाय थबकायचे. तिथलं त्याने काहीच मागितलं नव्हतं.

शेवटी योरुनने निक्षून सांगितलं, जूनअखेर सही झाली नाही तर ती बर्गन शहरातली नोकरी धरणार. मग शेताला कुलूप. जूनच्या शेवटच्या मंगळवारी बापलेक दोघंही माझ्यासमोर बसली होती. तोरलाइव्हने एकोणिसावं काढलं, होडीचं. योरुन उठायलाच लागली. माझाही पारा चढला होता, पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"तोरलाइव्ह, स्वयंपाकघराचं काहीच कसं नाही लिहिलंत?"

योरुन परत बसली. बाहेर धुकं एवढं उतरलं होतं की आम्ही तिघंच जगात उरलोय असं वाटत होतं.

"माझ्या बापाने मला शेत दिलं ना," तो म्हणाला, "तेव्हा मी त्याला म्हटलं, आता स्वयंपाकघरात येताना दार वाजवत जा. अकरा वर्षं वाजवत होता." त्याने टोपी टेबलावर ठेवली. "हे कसं लिहायचं, वकीलबाई?"

मला एका ओळीत लिहिता आलं असतं. पण मी कळफलकावरचा हात मागे घेतला.

"आजोबा दार वाजवायचे ते आठवतंय मला," योरुन म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, थांब, आधी जेवण होऊ दे. तरी मी धावत जाऊन उघडायचे."

म्हाताऱ्याला आजवर वाटत असावं, हे फक्त त्यालाच ठाऊक आहे. त्याने मान वर केली नाही.

"आणि मग?" त्याने हळूच विचारलं.

"मग काय. त्यांना माझी खुर्ची द्यायचे."

तोरलाइव्हने तिच्याकडे पाहिलं. "म्हणून तू उभ्याने जेवायचीस?" तो म्हणाला. "मी सगळ्यांना सांगत आलो, पोरीला खोडच आहे."

त्याने माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि अठरातलं एकही कलम न वाचता सही केली.