विग्बर्टने पुरलेलं गाव

हुनवाल्डने चिखलाने जड झालेले जोडे उंबऱ्याबाहेर काढले आणि वाकूनच तो झोपडीत शिरला. चुलीपाशी बसलेल्या म्हातारीने मान वर केली.

"मठातले दिसता. वाट चुकलात का?"

"नाही बाई. इथेच यायचं होतं."

त्या थकलेल्या भिक्षूला आता टेकड्या चढवत नव्हत्या. पण मठातल्या विग्बर्टने आयुष्यभर खपून लिहिलेला इतिहास राजाकडे जायचा होता. विग्बर्ट मागच्या हिवाळ्यात वारला होता. महामारीत एल्डवेल गावातलं एकही माणूस वाचलं नाही, असं त्याने लिहून ठेवलं होतं. एका कोळ्याने मात्र तिथे धूर पाहिला. विग्बर्टचं हे वाक्य खोटं निघालं तर बाकीच्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं म्हणून मठाधिपतींनी हुनवाल्डला पाठवलं होतं.

त्याने ते वाक्य सांगितलं तशी म्हातारी टिल्बा हसत सुटली.

"म्हणजे मी मेले! मग ही लापशी कोण ढवळतंय?"

"विग्बर्टला कुणीतरी चुकीचं सांगितलं असणार."

"सांगायला कशाला हवं? इथेच होता की तो. आमची माणसं पुरायला आमच्याबरोबर खड्डे खणले त्याने." तिचं हसू ओसरलं. "साथ हटेना, तेव्हा आम्ही जुन्या देवांपुढे बैल कापला. बाप्तिस्मा झालेला असून. राजाचे स्वार निघाले आम्हाला फासावर द्यायला. तो म्हणाला, मी बघतो काय ते."

"मग?"

"मग काय! कुणी आलंच नाही."

बाहेर पोरांचा गलका चालला होता. हुनवाल्ड बराच वेळ गुडघे चोळत राहिला.

"फाशीचा तो कायदा अजून आहे," तो म्हणाला.

"ठाऊक आहे." तिने वाडगा भरून त्याच्यापुढे सरकवला. "खा. गार होईल."

मठात परतल्यावर मठाधिपतींनी दारातच विचारलं, "काय रे, धूर कुणाचा?"

"मेंढपाळांचा. येतात, जातात."

"आणि गावात?"

"कुणी नाही, फादर."

"म्हणजे विग्बर्ट चुकला नव्हता."

"त्याने सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं."

मठाधिपतींनी सुटकेचा निःश्वास सोडला. "मग उद्याच राजासाठी प्रत काढायला देऊ."

"जरा थांबा. बाकीची पानं मला पुन्हा वाचायची आहेत."

"आता कशाला? खात्री पटली ना?"

"पटली."

अंग मोडून आलं होतं, तरी हुनवाल्ड खिडकीशी जाऊन बसला आणि पहिलं पान उघडून त्याने ओळीवर बोट ठेवलं. विग्बर्टने आणखी कुठे कुठे कुणीच उरलं नाही असं लिहिलं होतं, तेवढंच त्याला बघायचं होतं.