तापायला तास घेणारी खोली

"अहो आई, त्या पॅनेलवर पाणी ओततं का कुणी! जीव गेला असता ना!" सूनबाईंचा आवाज टिपेला पोचला होता.

"गेला असता तर माझा गेला असता. तुझा दिवा फुटला म्हणून रडतेयस, ते सरळ सांग की."

"दिवा नाही हो, हीटर आहे तो! इन्फ्रारेड!"

"कोंबडीची पिल्लं उबवायची पेटी आहे ती. नाव काय हवं ते ठेव."

मी सगळं ऐकत होते. माझं दार फुगलंय, नीट लागत नाही, त्यामुळे या घरातलं भांडण मला चुकत नाही. मी इथली सॉनाची, म्हणजे तापल्या दगडांच्या आचेत बसून घाम काढायची लाकडी खोली बोलतेय. न्हाणीघराला चिकटून मागच्या अंगाला आहे मी. आणि ती पेटी, एका माणसाला आत बसता येईल एवढी, आणून ठेवलीय बरोबर माझ्या दारासमोर. जागा नव्हती म्हणे दुसरीकडे.

मला आईंनी आणि त्यांच्या नवऱ्यानं हातानं बांधलं. दोघांचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान होतं. "जन्मभर लोकांच्या चादरींना वाफ दिली, आता थोडी आपल्या हाडांना देऊ," असं आई म्हणाल्या आणि कामाला लागल्या. शिकवायला कुणी नव्हतं. पहिल्यांदा नदीतले गुळगुळीत गोटे आणून विजेच्या शेगडीवर रचले, ते तापल्यावर फटाफट तडकले. मग दुसरे आणले. एकाही खिळ्याचं डोकं वर ठेवू दिलं नाही, कारण तापलेला खिळा पाठीला डागतो. नवऱ्यानं हौसेनं व्हार्निशचा डबा आणला, तो आईंनी तसाच परत पाठवला. "तापल्यावर नाकात जाईल ते. लाकूड लाकडासारखंच राहू दे."

माझ्यात एक रीत होती. ज्याच्या हातात पाण्याचा डाव, त्यानं विचारायचं, "घालू?" बसलेल्या प्रत्येकानं "घाल" म्हटल्याशिवाय दगडांवर पाण्याचा थेंब पडायचा नाही. बापलेकाचं वाजलेलं असलं की मुलगा मुद्दाम गप्प बसायचा. मग सगळेच कोरड्या आचेत भाजत बसायचे. शेवटी तोच ओरडायचा, "घाल की एकदाचं!" माझ्या आचेत कुणाला रुसून बसता येत नाही. माणूस बोलतो तरी, नाहीतर दार उघडून पळतो तरी.

मग घरधनी गेले. मुलाचं काम वाढलं. वरच्या बाकावर आधी एक बॅग आली, मग तिची भावंडं आली. खाली कपडे वाळत घालायची घोडी आली. माझी एवढीच विनवणी आहे तुम्हाला. वापरायचं नसेल तर मोडून टाका हो एखादीला, पण तिचं अडगळीचं कपाट करू नका. थंड दगडांवर कुणाच्या तरी जुन्या चपला ठेवलेल्या असतात, ते कसं वाटतं ते मला विचारा.

आणि आता ही पेटी. खोटं कशाला बोलू? ती वाईट नाही. भिंतीतल्या साध्या प्लगवर चालते. मला जाड वायर वेगळी ओढावी लागली होती, हवेला वाट ठेवावी लागली होती. मी आधी दगड तापवते, मग हवा, मग भिंती, आणि शेवटी माणसाला हात लावते. ती हवेच्या नादी लागत नाही, सरळ अंगाला ऊब देते. सूनबाई कामावरून पाठ धरून येतात, पाव तास तिच्यात बसतात आणि सरळ उभ्या राहून बाहेर येतात. मी पाहिलंय. मला पाहायलाच ठेवलंय.

आज मुलगा म्हणाला, "आई, एकदा बसून तर बघ." आई बसल्या. हातात बादली आणि डाव होताच, तो कुणी काढून घेतला नाही. काचेच्या दाराआड लाल उजेडात त्या थोडा वेळ बसल्या. मग सवयीनं विचारलं, "घालू?" उत्तर कोण देणार? तिथे जागाच एकीची. त्यांनी आपणच "घाल" म्हटलं आणि डावभर पाणी समोरच्या तापल्या पॅनेलवर टाकलं. तडाड आवाज झाला, घरभर वीज गेली.

विजेचं पडलेलं बटण वर करून मुलगा आला तो तणतणतच. "उद्याच माणूस बोलावतो आणि ही खोली पाडतो! ही आहे तोवर तुझ्या हातातला डाव सुटायचा नाही."

"हात तर लावून बघ."

"आई, विजेवर पाणी टाकलंस तू! काही कळतंय का?"

"कळतंय. तुम्हा दोघांपेक्षा जास्त कळतंय. तुझ्या बापानं एकेक फळी घासून बसवलीय हिची. तू काय बसवलंस? पेटीची पिन?"

"अहो, वाढवू नका ना," सूनबाई नवऱ्याला म्हणाल्या. आवाज उतरला होता. आईंच्या पदराची पाण्यानं थबथबलेली कड त्या पिळत होत्या, आणि आई ती ओढून घेत होत्या.

मुलगा खाली बसला. कपाळ चोळलं. "बरं बाई, नाही पाडत. जिंकलीस तू. बॅगा काढतो, वायर तपासून घेतो. संध्याकाळी येऊन मी स्वतः तापवून देत जाईन. मग तर झालं?"

माझ्या फळ्यांमधून काहीतरी सरकलं. खरंच सांगते, तेवढ्या शब्दांवर मी ऊबदार झाले.

"तापवून देशील," आई म्हणाल्या. "आणि बसशील?"

"मला कुठे वेळ असतो गं."

आईंनी सुनेकडे पाहिलं.

"मला नाही झेपत ती आच, आई. चक्कर येते. खोटं नाही सांगत."

आई माझ्या दाराशी आल्या. फटीतून आत पाहिलं, वरच्या बाकाकडे पाहिलं. मला वाटलं, आता दार ढकलतील. त्यांनी ते ओढून घ्यायचा प्रयत्न केला. लागलं नाही. तसंच सोडून त्या मुलाकडे वळल्या.

"पाड रे. एकटीनंच बसायचं असेल, तर तुझी पेटी लवकर तापते."